चौथ्या ओळीतला पत्रा

१

ज्योतीराम चिंचोलकरला राग यायला फार काही लागत नसे. लिफ्टमध्ये कुणी मोठ्यानं फोनवर बोललं तरी पुरे व्हायचं. सोसायटीच्या ग्रुपवर त्यानं आजवर जितकी भांडणं केली होती, तितक्या वेळा वर्गणीसुद्धा कुणी मागितली नसेल. पण दुपारी चार ते साडेपाच या वेळात हाच माणूस कुणाला ओळखू आला नसता, कारण त्या वेळात तो विमान चालवायचा.

मोशीतल्या त्यांच्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमधली मागची खोली मुलाची होती. समर्थ नोकरीसाठी वाकडला राहायला गेला आणि जाताना आपला जुना कॉम्प्युटर, तीन स्क्रीन आणि विमान उडवायचा तो सिम्युलेटर बापाला देऊन गेला. "रिटायर झालात, आता जरा डोकं थंड ठेवा," म्हणाला. ज्योतीरामनं बत्तीस वर्षं चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्स केलेला. नुसतं बटणं दाबत बसणं त्याला जमणार नव्हतं. त्यानं भंगारातून जुन्या व्हॅनची सीट आणली, तिला लोखंडी अँगलचा चौथरा केला, पायाखालची पेडलं स्वतः वेल्डिंग करून बसवली. कानांवर हेडफोन चढवून तो त्या सीटवर बसला की बायकोची हाकसुद्धा पोचायची नाही.

आणि मग काय मजा! लोहगावच्या धावपट्टीवर एका इंजिनाचं छोटंसं विमान उभं. थ्रॉटल पुढे सारला की इंजिन गुरगुरायला लागतं, वेग धरतं, दांडा हलकेच ओढला की चाकांची खडखड एकदम थांबते आणि जमीन सुटते. साठ वर्षांत एकदाही खऱ्या विमानात न बसलेल्या या माणसाला त्या क्षणी दर वेळी हसू यायचं. मग आळंदी, इंद्रायणीचं वळण, मोशीच्या टोलेजंग इमारती. आपली इमारत आली की तो पंख जरा कलता करायचा. पुढे चाकणची शेडं लागायची. ज्या कंपनीनं बत्तीस वर्षं त्याचा जीव खाल्ला, ती वरून काड्यापेटीएवढी दिसायची. "बसा बोंबलत," असं म्हणून तो भामा आसखेडच्या पाण्याकडे वळायचा. तिथं हवा स्वच्छ असायची आणि डोंगर हिरवे.

२

सोमवारी शेड नंबर तीनच्या छतावर एक सावली दिसली.

सिम्युलेटरमधली वेळ खरी असते. बाहेर दुपारचे चार वाजले असतील तर विमानातही चार वाजलेले असतात, आणि सगळ्या सावल्या पूर्वेकडे पडतात. ही एकटीच पश्चिमेला पडली होती. लांब, काळी, दोन पाय आणि एक डोकं असलेली. सावली होती, पण माणूस कुठं नव्हता. ज्योतीरामनं एक गिरकी घेतली, खाली आला, परत पाहिलं. ती पहिल्या ओळीच्या पत्र्यांवर होती, शिडी छताला टेकते त्या जागेशेजारी.

त्यानं विमान तसंच उतरवलं आणि समर्थला फोन लावला.

"बाबा, मी मीटिंगमध्ये आहे," समर्थ म्हणाला.

"मीटिंग गेली खड्ड्यात. हे तुझं विमान बिघडलंय."

समर्थनं शांतपणे ऐकून घेतलं. "अहो, ती जमीन म्हणजे सॅटेलाइटचे फोटो चिकटवलेले असतात. फोटो बहुतेक सकाळी काढतात, म्हणून सावली पश्चिमेला. त्या वेळी कुणीतरी छतावर उभं असणार. वरून माणूस ठिपक्याएवढा दिसतो, सावली मोठी दिसते. रोज बघा, तिथंच असेल."

पोरगा हुशार, यात वादच नाही. ज्योतीरामचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच त्याला भयंकर राग आला. कारण शेड नंबर तीनवर सकाळच्या वेळी उभा राहिलेला एकच माणूस त्याला आठवत होता.

एहसान. ठेकेदाराचा माणूस, दापोडीचा. दीड वर्षापूर्वी छतावरचा पंखा अडकला होता, तो सोडवायला चढला. चौथ्या ओळीतला पत्रा पायाखाली फुटला आणि तो चाळीस फूट खाली आला. परवानगीचा पास न घेता, स्वतःच्या मनानं वर गेला होता, असं कंपनीनं लिहून दिलं. खाली मेंटेनन्स सुपरवायझर म्हणून ज्योतीरामची सही होती. आता दीड वर्षानं कुणाला तरी जाग आली होती, आणि शुक्रवारी दुपारी दोन वाजता पुण्यात सरकारी चौकशीपुढं त्याला तोंडी जबाब द्यायचा होता. शांतपणे रिटायर झालेल्या माणसाला हे लोक का छळतात, हे त्याला कळत नव्हतं.

३

मंगळवारी तो सीटवर बसतो न बसतो तोच बेल वाजली. कुसुमनं दार उघडलं. बाहेर तिशीतली एक बाई होती, डोक्यावरून ओढणी घेतलेली, हातात काहीच नाही.

"काका, मी सादिका. एहसानची बायको," ती म्हणाली. "दोन मिनिटं बोलायचं होतं."

"इथं कुणी पाठवलं तुला?" ज्योतीराम दारातच आडवा उभा राहिला. "पत्ता कुणी दिला?"

"अहो, आत तर येऊ द्या तिला," कुसुम म्हणाली आणि पाणी आणायला गेली.

सादिका आत आली नाही. "काका, मला दुसरं काही नको. लोक म्हणतात, तुझा नवरा आगाऊपणा करून मेला. सासूबाई अजून मलाच विचारतात, तो असा कसा चढला म्हणून. तो पासाशिवाय शिडीला हात लावायचा नाही हो. तुम्ही त्याचे साहेब होता. त्याला वर पाठवलं होतं, एवढंच तुम्ही शुक्रवारी सांगा."

"मला शिकवू नको काय सांगायचं ते! जे झालं ते लिहून दिलंय मी. घरी यायचं नाही परत, सांगून ठेवतो."

त्यानं दार इतक्या जोरात लावलं की शोकेसमधल्या काचा वाजल्या. कुसुम पाण्याचा ग्लास हातात घेऊन तिथंच उभी राहिली.

"एवढं ओरडायला ती काय चोरी करायला आली व्हती का?" ती म्हणाली. लातूर सोडून तीस वर्षं झाली तरी रागावली की तिची बोली तिकडची व्हायची. "तुमी खरंच पास दिला नव्हता ना?"

"तुझा पण माझ्यावर विश्वास नाही का?"

"हाय म्हणून तर विचारायले."

"नव्हता दिला," ज्योतीराम म्हणाला आणि खोलीत जाऊन हेडफोन चढवला.

त्या दिवशी हवा छान होती, पण त्याचं मन लागलं नाही. आळंदीवर असतानाच त्याला इंजिनाच्या घरघरीखाली आणखी काहीतरी ऐकू आलं. पत्र्यावर बूट टेकल्याचा आवाज. खण्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा खण्. तो चाकणवर आला आणि त्यानं खाली पाहिलं. सावली दुसऱ्या ओळीत होती.

४

फोटोतली सावली चालत नसते. एवढं कळायला इंजिनियर व्हावं लागत नाही. पण ज्योतीरामनं स्वतःला पटवलं, की काल आपण ओळ मोजायला चुकलो असू. विमान हलत असतं, नजर ठरत नाही, वयही झालं. बुधवारी तो मोजायच्याच तयारीनं बसला. एका हातात दांडा, दुसऱ्या हातात पेन्सिल.

खण्. खण्. हेडफोन जरा बाजूला सरकवला, तरी आवाज होताच. आता तो कानातून नाही, वरून येत होता. छतातून. त्यांच्या डोक्यावर सिमेंटचा जाड स्लॅब आणि त्यावर आठव्या मजल्यावरचा फ्लॅट, तिथं पत्रा यायचा कुठून? ज्योतीराम तावातावानं वर गेला. दार उघडलं ते धम्मरत्न कांबळेंनी, बँकेतला शांत माणूस, बनियनवर.

"काय ठोकताय एवढं?"

"मी? आज रजा आहे, झोपलो होतो, काका. काय झालं?"

"पत्रे आणलेत का घरात?"

"पत्रे कशाला आणू?" कांबळे त्याच्याकडे काळजीनं बघायला लागले, आणि त्या काळजीचा ज्योतीरामला सगळ्यात जास्त संताप आला.

तो खाली आला. विमान हवेतच थांबवून ठेवलं होतं. त्यानं ते सुरू केलं. चाकण जवळ यायला लागलं तशी त्याची बोटं दांड्यावर घट्ट झाली. सावली तिसऱ्या ओळीत होती.

पास दिला होता. आता हे लपवून काय उपयोग, निदान स्वतःपासून तरी. रोज सकाळी चहाबरोबर तो उंचीवरच्या कामाचे दहा कोरे पास सह्या करून ठेवायचा. जागा पाहिली, दोरी बांधली, फळ्या टाकल्या, या सगळ्या रकान्यांत आधीच बरोबरच्या खुणा. वर जाऊन प्रत्येक छत बघत बसलं तर संध्याकाळपर्यंत एक काम होत नाही. बत्तीस वर्षांत त्यावर कुणी बोट ठेवलं नाही, उलट काम पटकन होतं म्हणून सगळे खूश. त्यातलाच एक पास एहसाननं उचलला, आपलं नाव घातलं आणि नियमाप्रमाणे शिडीच्या तळाशी चिमट्याला लावला. तो पडल्यावर सगळे त्याच्याकडे धावले. ज्योतीराम शिडीकडे धावला. अँब्युलन्स यायच्या आधी तो पास त्याच्या खिशात होता, आणि दुपारपर्यंत त्याचे तुकडे संडासातून गेले होते.

हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं. मॅनेजरनं विचारलं, "पास होता का?" आणि त्याच्या आवाजावरून त्याला काय उत्तर हवंय ते कळत होतं. ज्योतीराम "नव्हता" म्हणाला. मग सगळ्यांनी तेच लिहिलं. चूक एकट्या माझी कशी, असं तो दीड वर्षं मनात ओरडत होता. कंपनीला घाई होती. ठेकेदार नवी पोरं पाठवायचा. मॅनेजर फोनवर शिव्या द्यायचा. सगळे सुटले, आणि आता पुण्याला जायचं ते एकट्या ज्योतीरामनं!

५

गुरुवारी तो उडाला नाही. कॉम्प्युटरचं बटण बंद केलं, पिन काढून ठेवली आणि हॉलमध्ये टीव्ही लावून बसला.

साडेतीनला कंपनीतून फोन आला. एचआरची मुलगी, दिव्या. गोड आवाज.

"सर, उद्याची आठवण आहे ना? जे स्टेटमेंट आहे तेच बोलायचंय. पास इश्यू झाला नव्हता, बस."

"मला पाठ आहे."

"सर, प्लीज चिडू नका. फक्त एवढंच की, जास्त काही बोलू नका."

"जास्त म्हणजे काय? काय जास्त आहे माझ्याकडं बोलायला?" तो एवढ्यानं ओरडला की कुसुम स्वयंपाकघरातून बाहेर आली. दिव्यानं फोन ठेवला होता.

चार वाजले. टीव्हीवर कुणीतरी भाजीचे भाव सांगत होतं. ज्योतीरामनं आवाज वाढवला. तरी ते ऐकू आलंच. मागच्या खोलीत खण्. जरा थांबून खण्. पाऊल घाईत नव्हतं. नवीन माणूस उंचीवर चालतो तसं, एक पाय टेकवून, भार टाकून बघून, मग दुसरा.

"तुला काही ऐकू येतं का?" त्यानं विचारलं.

"काय?"

"काही नाही."

तो उठून खोलीच्या दाराशी गेला. पिन भिंतीपासून हातभर लांब पडली होती. तिन्ही स्क्रीन काळ्या होत्या. मधल्या स्क्रीनमध्ये त्याला आपलं प्रतिबिंब दिसलं, आणि त्याच्या मागे हॉलची खिडकी. इतकंच होतं. पण आवाज त्या काळ्या काचेच्या आतून येत होता, आणि आता तो अगदी थोड्या थोड्या वेळानं येत होता. ज्योतीरामनं दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली. स्वतःच्या घरात, भर दुपारी, स्वतःच्या खोलीला कडी घालायची वेळ आपल्यावर यावी, या विचारानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते रागाचंच होतं, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

६

शुक्रवारी सकाळी कुसुमनं त्याचा पांढरा शर्ट इस्त्री केला. साडेबाराला निघायचं होतं. नऊ वाजता त्यानं कडी काढली आणि पिन परत लावली.

कशाला, असं त्यालाही विचारता आलं असतं. पण त्याचं डोकं म्हणजे असं, की एखादी मशीन खडखड करत असेल तर झाकण उघडून बघितल्याशिवाय त्याला जेवण जायचं नाही. एकदा नीट जवळून बघू, चित्रातला डाग आहे हे डोळ्यांनी बघू, आणि मग पुण्याला जाऊन पाठ केलेलं बोलू. एवढाच बेत होता.

लोहगाव. थ्रॉटल पुढे. जमीन सुटली, पण हसू आलं नाही. सकाळ असल्यामुळे आज सगळ्याच सावल्या पश्चिमेला पडल्या होत्या. चाकण दिसायला लागलं तेव्हा घड्याळात नऊ चाळीस झाले होते. एहसान पडला तीही हीच वेळ.

ज्योतीरामनं इंजिन मंद केलं आणि विमान खाली आणलं. हजार फूट. पाचशे. दोनशे. शेड नंबर तीनचं छत सगळी स्क्रीन भरून समोर आलं, सगळीकडे सारखा चंदेरी रंग. सावली तिसऱ्या ओळीच्या कडेला थांबली होती. आणि आज सावलीच्या पायाशी काहीतरी उभं होतं. त्याला पिवळं हेल्मेट दिसलं. निळी बाही दिसली. चेहरा दिसेना, कारण चेहऱ्याच्या जागी नुसतं ऊन होतं. मग ती बाही वर उठली आणि हाताचा पंजा पुढं, मग बाजूला, मग पुन्हा पुढं झाला.

सरळ येऊ, की वळसा घालून?

त्या दिवशीही त्यानं असंच विचारलं होतं. वरून, हातानं, कारण खाली बाकीच्या मशीनचा आवाज होता. ज्योतीराम खाली अंगणात, पंख्याच्या बाजूला उभा होता, कानाला फोन, पलीकडे मॅनेजर लाइन बंद पडली म्हणून आई-बहीण काढत होता. त्यानं वर पाहिलं. चौथी ओळ पत्र्याची नाही, उजेडासाठी बसवलेल्या फायबरची आहे, हे त्या कंपनीत त्याच्याएवढं कुणालाच ठाऊक नव्हतं. खाली तपासणीच्या टेबलावर ऊन येतं म्हणून त्यानंच ती दोन वर्षांपूर्वी पत्र्याच्या रंगानं रंगवून घेतली होती. जवळून बघितलं तर फायबर मधोमध किंचित खाली बसलेलं दिसतं, पण ते ज्याला माहीत आहे त्याला. वळसा घालून, फळ्या टाकून यायला आणखी अर्धा तास गेला असता. आणि ज्योतीरामला राग आला होता. मॅनेजरचा, पंख्याचा, उन्हाचा, वर उभं राहून प्रश्न विचारणाऱ्या त्या पोराचा. त्यानं हात जोरात हलवला. ये सरळ!

आता स्क्रीनवर तो हात वर होऊन थांबला होता. उत्तराची वाट बघत. ज्योतीरामनं दांडा ओढला, विमान वर जाईना. ते पुढंही जाईना. इंजिनाचा आवाज बंद झाला होता. पिवळं हेल्मेट जरासं हललं, आणि एक बूट पुढं उचलला गेला.

"नको!" ज्योतीराम ओरडला. "ए, थांब! तिथं पाय देऊ नको! पत्रा नाही तो, फायबर आहे! चौथी ओळ सगळी फायबर आहे, मीच रंगवलीय, मला माहिती आहे! मागं हो! एहसान, मागं हो!"

स्क्रीन काळी झाली.

७

त्यानं हेडफोन काढला. दारात कुसुम उभी होती, हातात इस्त्री केलेला शर्ट.

"तुमाला ठाव व्हतं," ती म्हणाली.

ज्योतीरामनं तोंड उघडलं. नेहमीसारखा राग वर आला, पण तो कुणावर काढायचा हे त्याला कळेना. मॅनेजर इथं नव्हता. दिव्या नव्हती. समोर फक्त ही बाई होती, जिनं दीड वर्षं शेजारपाजारच्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं, की आमच्या ह्यांचा त्यात काही संबंध नाही.

"दीड वर्ष माझ्या तोंडावर खोटं बोलायलात," कुसुम म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं. "ती पोरगी दारात उभी राहून विनवायली आणि तुमी तिच्या तोंडावर दार आपटलं. पासबी दिला व्हता ना?"

"दिला होता."

"उठा. मी येते तुमच्यासंगं. आत्ता जे बोललात ते समदं तिथं बोलायचं. नाही बोललात तर मी बोलीन."

ज्योतीराम उठायला लागला आणि थांबला. खोलीत फरशी होती, नेहमीची, फिक्या राखाडी रंगाची. पण खिडकीतून आलेलं ऊन तिच्यावर पडलं होतं आणि ती चंदेरी दिसत होती. भिंतीपासून भिंतीपर्यंत सगळी सारखी. त्याची सीट एका टोकाला होती आणि कुसुम दुसऱ्या टोकाला, उंबऱ्याच्या आत. मधे चार ओळी होत्या. तिच्या पायापुढची ओळ मधोमध किंचित खाली बसलेली होती.

त्यानं डोळे चोळले. परत पाहिलं. बत्तीस वर्षं पत्रे बघितलेल्या नजरेला ते चुकणं शक्यच नव्हतं.

"कुसुम," तो म्हणाला. "हलू नको."

"आता आणि काय?"

"सांगतो मी. शपथ घेऊन सांगतो. पास दिला होता, हात मीच केला होता, सगळं सांगतो. त्या सादिकाला पण सांगतो." तो तिच्याकडे बघत नव्हता. तो तिच्या डोक्याच्या वर, छताकडे बघून हात जोडत होता. "पण तू आहेस तिथंच थांब. पाय उचलू नको. माझं ऐक."

"दीड वर्ष ऐकलं तुमचं," कुसुम म्हणाली, आणि त्याचा हात धरून त्याला उठवायला तिनं पाऊल पुढं टाकलं.